‘जरासं’ गुणिले दहा

सरांनी बायकोला इंग्रजी शिकवायचं ठरवलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती. पण घरात माणसं दोनच. त्यातलं एक कामावर गेलेलं आणि दुसरे स्वतः सर. तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला.

सर म्हणजे लाँड्रीच्या वरच्या खोलीत संध्याकाळी भरणाऱ्या इंग्रजीच्या क्लासचे सर. दुकानदार, टॅक्सीवाले, नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुली, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. काळ, कर्ता, कर्म आणि प्रयोग यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता इतक्या वर्षांत जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या एकाही माणसाशी त्यांचा संबंध आला नव्हता, ही गोष्ट खरी. (पण पोहायला शिकवणाऱ्याने स्वतः पाण्यात उतरलंच पाहिजे, असा कायदा कुठे आहे?)

सगळं सुरळीत चाललं होतं, ते एका टॅक्सीवाल्याने बिघडवलं. हा सरांचा आवडता विद्यार्थी. एका संध्याकाळी तो तोंड पाडून क्लासला आला.

"सर, आज एक परदेशी साहेब गाडीत बसला. 'हाऊ आर यू' म्हणाला. मी सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

"कसा आहे ते. पाठ दुखते, मेहुणा घरात येऊन बसलाय, रात्रीची झोप लागत नाही. सगळं बरोबर काळात सांगितलं हो सर, एक चूक नाही. साहेब सिग्नललाच उतरला आणि पायी गेला."

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. आपण आजवर शब्द शिकवले, पण ते शब्द बोलणाऱ्या माणसांना त्यांतून काय म्हणायचं असतं, हे शिकवलंच नाही! सर पडले जिद्दीचे. एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचा फडशा पाडल्याशिवाय (किंवा स्वतःचा पडल्याशिवाय) ते थांबत नसत. त्यांनी वाचनालयातली कपाटं पालथी घातली, मोबाइलवर परदेशी लोकांची भाषणं ऐकली आणि महिन्याभरात ते एका सिद्धांतापर्यंत येऊन पोचले. इंग्रजी बोलणारी माणसं मनातलं कधी बोलत नाहीत. ती सगळं कमी करून सांगतात. घराला आग लागली तर 'इथे जरासं उकडतंय' म्हणतात. म्हणून त्यांचं 'अ लिट्ल' किंवा 'अ बिट' कानावर आलं की त्याला सरळ दहाने गुणायचं. आणि त्यांनी एखाद्या गोष्टीला 'नाइस' किंवा 'लव्हली' म्हटलं की समजायचं, ती त्यांना मुळीच आवडलेली नाही. आपलं मन राखताहेत बिचारे.

हा सिद्धांत लाँड्रीच्या वरच राहिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण तेवढ्यात लेकीचा फोन आला.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिथेच तिचं ऑफिसातल्या एका मुलाशी जमलं होतं. मुलगा गुणी, सरांनाही पसंत. फक्त परमुलखातला आणि घरात इंग्रजीच बोलणारा. लग्नानंतर तो याच देशात राहणार होता आणि घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. एकुलता एक मुलगा, नवरा मागेच गेलेला. आपला मुलगा ज्या माणसांत कायमचा राहणार ती माणसं आहेत तरी कशी, हे ती स्वतः बघायला येणार होती.

"बाबा, आम्हाला लवकर निघता येणार नाही, आम्ही संध्याकाळी पोचू. ती मात्र दुपारीच येईल तुमच्याकडे," लेक म्हणाली. "तिच्या मनात अजून धाकधूक आहे. ती नको म्हणाली तर तिला दुखवून तो लग्न करणार नाही, आणि त्याने तसं करावं असं मलाही वाटत नाही. तिला आपल्या घरात बरं वाटलं पाहिजे. बस, एवढंच करा."

"तू अगदी निश्चिंत राहा."

"तुम्ही असं म्हणालात की मला भीती वाटते. आईला फोन द्या."

सरांनी फोन दिला, पण निश्चय सोडला नाही. लेकीचा संसार आता एका दुपारवर येऊन ठेपला होता आणि त्या दुपारची किल्ली त्यांच्या खिशात होती.

त्यांची बायको बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर माणसं येऊन तेच ते विचारत आणि तिचं उत्तर कधी तीन शब्दांच्या पलीकडे जात नसे. 'उशीर आहे.' 'फलाट दोन.' 'पुढे विचारा.' नवऱ्यालाही ती घरात बहुतेक त्याच खिडकीतून उत्तरं देई. अशा बाईला सरांनी स्वयंपाकघरात मटार सोलताना गाठलं.

"समज, विहीणबाई म्हणाल्या, 'मला जराशी थंडी वाजतेय.' तू काय समजशील?"

"त्यांना जराशी थंडी वाजतेय."

"चूक! त्या गारठून मरायला टेकल्यात. गुणिले दहा! समज, त्या म्हणाल्या, 'सूप छान झालंय.'"

"मी म्हणेन, आणखी घ्या."

"साफ चूक! त्यांना ते घशाखाली उतरत नाहीये. ताबडतोब ताट उचलायचं."

बायकोने एक शेंग फोडली, आतले दाणे बघितले आणि वाटीत टाकले. "अहो, मनात एक आणि तोंडात एक, हे आपल्यातही असतंच की. तुमच्या आत्याबाई नाही का, 'माझं काय बाई, मी कुठेही पडेन' म्हणायच्या? खरंच बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं तर वर्षभर बोलल्या नाहीत."

"ते वेगळं. तो आत्याचा स्वभाव. हे शास्त्र आहे."

"आत्याबाईंना ओळखायला मी कुठे शिकवणी लावली होती? चेहऱ्याकडे बघितलं की कळायचं."

"मग अंथरूण बाहेर कसं घातलंस?"

"मी नाही. तुम्ही घातलंत."

सरांनी विषय बदलला आणि तिच्याकडून 'हाऊ आर यू'चं उत्तर घोटून घेतलं. 'फाइन' म्हणायचं आणि थांबायचं. पाठ, गुडघे, आगारातला साहेब, काही काढायचं नाही. बायको म्हणाली, "तेवढं तर मला आत्ताही येतं." (खरं म्हणजे सरांना न विचारता तिला बरंच काही येत होतं, पण विचारणार कोण?)

ठरलेल्या दुपारी विहीणबाई आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, पिकलेले केस आखूड कापलेले आणि हातात एक लहानशी बॅग. दारातच त्यांनी सरांच्या बायकोचा हात हातात घेऊन विचारलं, "हाऊ आर यू?"

"फाइन," बायको म्हणाली आणि थांबली. सरांचा ऊर अभिमानाने भरून आला.

"आपण कशा आहात?" सरांनी इंग्रजीत विचारलं. (सरांचं इंग्रजी पुस्तकातून थेट बाहेर पडत असे, त्यामुळे त्याला पुठ्ठ्याचा वास यायचा.)

"मजेत. प्रवासाने जराशी दमलेय, एवढंच."

जराशी! सरांनी बायकोकडे सूचक नजर टाकली, बॅग काढून घेतली आणि विहीणबाईंना थेट झोपायच्या खोलीत नेलं. पडदे ओढले. पलंगाकडे बोट दाखवून म्हणाले, "प्लीज, स्लीप."

विहीणबाईंनी पलंगाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या टळटळीत उन्हाकडे पाहिलं. त्यांना काहीतरी आठवल्यासारखं वाटलं. मग त्या समजूतदारपणे हसल्या, "लव्हली," म्हणाल्या आणि कोटासकट आडव्या झाल्या. सरांनी वर पांघरूण घातलं आणि चवड्यांवर चालत बाहेर आले.

"अहो, दारातून आलेल्या माणसाला पाणी विचारतात," बायको कुजबुजली. "निजवतात का?"

"ती जराशी दमलीय. म्हणजे कोसळायच्या बेतात आहे. बघ, चकार शब्द न काढता पडली की नाही?"

 विहीणबाई खरोखरच पडल्या होत्या. दाराच्या फटीतून बघितलं तर त्या सरळ उताण्या, हात पोटावर ठेवून, टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने सरांनी त्यांना उठायची परवानगी दिली तेव्हा त्या जवळजवळ उडी मारूनच उठल्या.

जेवायच्या टेबलाशी बसल्यावर त्यांनी कोट काढला आणि सहज म्हणाल्या, "इथे जरासं गरम होतंय, नाही?"

सरांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, छताचा पंखा शेवटच्या आकड्यावर नेला, टेबलावरचा पंखा आणून त्यांच्या तोंडासमोर ठेवला आणि ग्लासात बर्फाचा ढीग घातला. विहीणबाईंचे आखूड केसही उभे राहिले. थोड्या वेळाने त्या दात एकमेकांवर आपटत म्हणाल्या, "आता किंचित वारं लागतंय." किंचित! सरांनी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, पंखे बंद केले आणि पलंगावरची रजई आणून विहीणबाईंना गळ्यापर्यंत गुंडाळली. फक्त उजवा हात चमच्यासाठी मोकळा ठेवला.

"लव्हली," रजईतून आवाज आला.

बायकोने मटारचं सूप वाढलं. विहीणबाईंनी पहिला चमचा घेतला, डोळे मिटले आणि मनापासून म्हणाल्या, "व्हेरी नाइस."

दुसरा चमचा तोंडाशी जाईपर्यंत वाटी नाहीशी झाली होती. सर ती घेऊन स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. मग अंड्याचं सँडविच आलं. विहीणबाईंनी एक घास खाल्ला, "ओह, लव्हली!" आणि बशी गेली. मग भाजलेले बटाटे आले. ते चाखून विहीणबाई फक्त "माय..." एवढंच म्हणू शकल्या, पुढे कौतुकच येणार हे ओळखून सरांनी आधीच ताट उचललं. बायकोचा चेहरा रडवेला झाला. सकाळपासून राबून केलेला स्वयंपाक एकेका घासानंतर परत येत होता.

"इतकं वाईट झालंय?" तिने स्वयंपाकघरात विचारलं.

"मनाला लावून घेऊ नकोस. त्यांची जीभ वेगळी."

इकडे विहीणबाई रिकाम्या टेबलाशी, रजईत, हातात चमचा धरून बसल्या होत्या. शेवटी त्या अगदी संकोचून म्हणाल्या, "मला, म्हणजे, अजून जराशी भूक आहे."

हे ऐकलं मात्र, सरांनी कपाटातला आख्खा केक काढला. हा केक बायकोचा खास. आगारात कुणाची बढती झाली, कुणी निवृत्त झालं की केक हिचाच. सरांनी त्याची एवढी मोठी फोड कापली की तिला बशीबाहेर टेकू द्यावा लागला. विहीणबाईंनी ती खाल्ली आणि या खेपेला शहाणपणाने काहीच म्हणाल्या नाहीत. काही म्हणाल्या नाहीत म्हणजे आवडला! सरांनी दुसरी फोड वाढली. ती त्यांनी बघितली, एक खोल श्वास घेतला आणि खाल्ली. तिसरी वाढली, तीही गेली. बायकोचा चेहरा उजळला. शहाणी बाई खरी, पण स्वतःच्या केकपुढे कुणाचं शहाणपण टिकलंय? चौथी फोड तिने स्वतःच्या हाताने वाढली.

विहीणबाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्या मात्र निश्चयाने चावत होत्या. शेवटचा तुकडा गिळून त्या खुर्चीला टेकल्या, हात पोटावर ठेवला आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "मला जरासं अस्वस्थ वाटतंय."

सर ताडकन उठले. दमणं गुणिले दहा, थंडी गुणिले दहा, उकाडा गुणिले दहा, आणि आता अस्वस्थ गुणिले दहा! हिशेब सरळ होता. बाई चालली! लेकीची सासू, लग्नाआधीच, आपल्या घरात, आपल्या रजईत! सरांना दरदरून घाम फुटला आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

"अहो, थोडा ओवा..." बायको म्हणायला गेली.

"मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ओवा देतेस?"

ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन जिने चढून आले. त्यांनी खूण केली तशी विहीणबाईंनी पुन्हा एकदा सरांकडे पाहिलं, पुन्हा काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि मुकाट्याने स्ट्रेचरवर जाऊन पडल्या. जिन्यात प्रत्येक मजल्यावरचे शेजारी दारात उभे होते. विहीणबाईंनी त्या सगळ्यांना पडल्यापडल्याच हात हलवून दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या आजींना तर त्या म्हणाल्या, "सो काइंड!" हे शेवटचे शब्द असावेत असं वाटून सरांचे डोळे भरून आले. सायरन सुरू झाला तेव्हा विहीणबाईंनी बायकोचा हात घट्ट धरला आणि घाबरं हसत विचारलं, "हे तुम्ही सगळ्या पाहुण्यांसाठी करता?"

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"भ्रम झालाय," सर म्हणाले.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "नेमका काय त्रास होतोय?"

"खरं तर काही नाही," विहीणबाई म्हणाल्या. "पोट जरासं जड झालंय."

"थांबा डॉक्टर," सर पुढे सरसावले. "मी इंग्रजीचा शिक्षक आहे. त्यांचं बोलणं तुम्हाला वरवरचं कळेल, आतलं कळणार नाही. पोट फुटायच्या बेतात आहे. दुपारी आल्या आल्या शुद्ध हरपायला लागली होती. मध्येच अंगाची आग, मध्येच हुडहुडी."

"या तर असं काहीच म्हणत नाहीत."

"तेच तर! जितकं गंभीर, तितकं त्या कमी बोलतात. 'काही नाही' म्हणाल्या म्हणजे..." आणि सरांनी वर बोट केलं.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. आग, हुडहुडी आणि शुद्ध हरपणं हे ऐकून कुठला डॉक्टर हात बांधून बसेल? त्यांनी नर्सला एक इंजेक्शन भरायला सांगितलं आणि गरज पडलीच तर म्हणून नाकातून पोटात घालायची नळीही काढून ठेवायला सांगितली. ती लांबलचक नळी बाहेर आली तसा विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी नळीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, ओठ हलवले, आणि त्या ओठांतून अत्यंत बारीक आवाजात निघालं, "ल... लव्हली."

तेवढ्यात सरांची बायको मध्ये येऊन उभी राहिली. तिने पदर खोचला, पलंगाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि आगाराच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, "यू. पेन. येस ऑर नो?"

विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नो."

"टायर्ड?"

"नो!"

"कोल्ड? हॉट?"

"नो! नो!"

"केक?"

"नो! ओह, प्लीज, नो! नो, नो, नो!" विहीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या हसायलाही लागल्या. सबंध दिवसात तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होता, आणि सुटका झाल्यासारख्या त्या तो पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सरांच्या बायकोलाही हसू आवरेना. दोघी एकमेकींचे हात धरून हसत आणि रडत बसल्या.

"डॉक्टर," सर घाईने म्हणाले, "यांच्या संस्कृतीत 'नो' या शब्दाचा अर्थ..."

"तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेर बसा."

सर बाहेर बाकावर बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिला काही वेळ ते सिद्धांत बरोबर आणि आकडा चुकला, दहाऐवजी पाचने गुणायला हवं होतं, असाच विचार करत होते. पण आतून दोघींचा आवाज येत राहिला आणि हळूहळू त्यांना लेकीचा फोन आठवला. तिला बरं वाटलं पाहिजे, एवढंच करा. एवढंच सांगितलं होतं पोरीने. आणि आपण तिच्या होणाऱ्या सासूला भरदुपारी निजवलं, गारठवलं, उकडलं, उपाशी ठेवलं, केकने फुगवलं आणि सायरन वाजवत इस्पितळात आणलं.  पोरीचं लग्न मोडलं तर ते आपल्यामुळे मोडेल, आणि ती आपल्याला एका शब्दाने बोलणार नाही, हे तर त्याहून वाईट. सरांना खरोखर रडू आलं.

एवढ्यात शेजाऱ्यांकडून कळल्यामुळे लेक आणि होणारा जावई धावतपळत आले.

"बाबा, काय झालं? ती कशी आहे?"

"काही झालेलं नाही तिला," सर म्हणाले. "मी झालो तिला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दहाचा गुणाकार, सूप, रजई, केक, सगळं. लेकीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग ती सरांच्या शेजारी बाकावर मटकन बसली.

"अरे देवा! बाबा, मी तिला फोनवर सांगितलं होतं, की माझे बाबा फार हळवे आहेत. ते जे देतील, जे करतील, ते प्रेमाने करतात. कशालाही नाही म्हणू नका, नाहीतर ते मनाला लावून घेतील."

"कशालाही?"

"कशालाही."

सरांना स्ट्रेचरवरून हात हलवणाऱ्या विहीणबाई आठवल्या. त्या माउलीने आपल्या मुलाच्या सुखासाठी चार फोडी केक खाल्ला होता. नळीसुद्धा घालून घेतली असती.

दार उघडलं. विहीणबाई आपल्या पायांनी, सरांच्या बायकोच्या हातात हात घालून बाहेर आल्या. दोघींचे डोळे रडून आणि हसून सुजले होते.

"अगं, या बस चालवतात!" बायको लेकीला म्हणाली. "शाळेची बस. खाणाखुणांनी सांगितलं मला. यांचाही साहेब तसलाच आहे, आमच्या आगारातल्या साहेबासारखा!"

सरांनी दुपारभर विहीणबाईंच्या एकेका शब्दाचा अर्थ लावला होता, पण त्या करतात काय हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि पुस्तकातलं सगळं इंग्रजी बाजूला ठेवून फक्त "सॉरी," म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार प्रेमळ आहात," त्या म्हणाल्या. सरांनी घाबरून बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली, म्हणजे हे खरंच होतं.

लग्न ठरलं. विहीणबाई परत गेल्यावर त्यांचा लेकीला निरोप आला. घर आवडलं. तुझी आई आवडली. मुलगा तुमच्या माणसांत सुखात राहील, फक्त त्याचं वजन वाढेल. आणि एक गोष्ट मी ठरवली आहे. मी तुमची भाषा शिकणार. तुझ्या वडिलांशी इंग्रजीत बोलण्यापेक्षा ते मला सोपं जाईल.

हे ऐकून सरांनी दोन दिवस क्लासला सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवा खडू आणला. शेवटी भाषा शिकवायची म्हणजे त्यांचंच काम! पण विहीणबाईंना शिकवणी हवी होती ती त्यांच्या बायकोची. दर रविवारी, फोनवर.

पहिल्या रविवारी सर शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. आत बराच वेळ खिदळणं चाललं होतं. अखेर न राहवून ते दारात जाऊन उभे राहिले.

"काय शिकवलंस?"

"एक शब्द."

"एकच? एवढ्या वेळात?"

"त्यांनीच लेकीकरवी विचारलं होतं, तुमच्या घरात यायचं तर आधी कुठला शब्द यायला हवा. तो शिकवला. घोटून घेतला."

"नुसता शब्द घोटून काय उपयोग? तो कुठे वापरायचा, कुणाला म्हणायचा, त्यामागची भावना काय, हे नको सांगायला? तीच तर गोम आहे! आण इकडे." सरांनी फोन काढून घेतला, घसा साफ केला आणि उभ्यानेच इंग्रजीत सुरुवात केली. "मॅडम, आपल्याला आज जो शब्द शिकवण्यात आला, त्याचा खरा अर्थ समजण्यासाठी सर्वप्रथम आपण आमच्या कुटुंबपद्धतीचा इतिहास..."

 पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला. स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळता.

"पुरे."

सरांनी फोन बायकोच्या हातात दिला. उच्चारात काढायला एकही चूक नव्हती.